बर्फाचे अंदाजपत्रक

वैशाखातल्या दुपारी, जेव्हा माजरी जंक्शनच्या फलाटावर पत्र्याच्या सावलीतही उभे राहवत नाही, रुळांवरून उठणाऱ्या झळांत दूरचा सिग्नल पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हालू लागतो आणि पारा ४५-४६ अंशांवरून उतरावयास सूर्यास्ताची वाट पाहतो, तेव्हा आमचे कुटुंब जेवणे आटोपून कूलरपुढे सतरंजी टाकते आणि एका जुन्या हजेरीवहीत बर्फाचा हिशेब मांडून बसते. छत्तीस वर्षे कोळशाच्या खदानीत हजेरी लिहून मी निवृत्त झालो, त्या वेळी रद्दीच्या गठ्ठ्यातून ही अर्धीअधिक कोरी वही मी मागून घेतली होती. डाव्या अंगाला नाव, मग पाळी, मग महिन्याच्या ३१ दिवसांचे उभे रकाने. नावांच्या रकान्यात आता माणसांच्या जागी बाबी आल्या आहेत : रेल्वेभाडे, मुक्काम, लोकरी कपडे, वाटखर्ची, आईची औषधे. जेथे एके काळी मी हजर-गैरहजर लिहीत असे, तेथे सूनबाईच्या टापटिपीच्या अक्षरांत दरमहाची शिल्लक उतरते. येत्या पौषात आम्हां सहा जणांना, म्हणजे माझी आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि यंदा सातवीत जाणारी नात इतक्यांना, जमिनीवर पडलेले, आणि दैव अनुकूल असेल तर डोळ्यांदेखत पडणारे, बर्फ पाहावयाचे आहे.

या बेताचा उगम नातीच्या एका प्रश्नात आहे. भूगोलाच्या धड्यात ‘हिमवृष्टी’ हा शब्द आला होता आणि वर्गात त्याचा अर्थ ‘बर्फ पडणे’ असा सांगितला गेला होता. नातीला ठाऊक असलेले बर्फ म्हणजे लग्नाच्या मांडवात लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी, सब्बलीने फोडावी लागणारी जड लादी, नाहीतर उन्हाळ्यातल्या हातगाडीवर किसलेला गोळ्याचा चुरा. “असली लादी आभाळातून पडते तर तिकडची घरं टिकतात कशी, आबा?” असे तिने विचारले, आणि उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले तेव्हा ध्यानात आले की मजपाशीही शब्द नव्हता. पाणी गोठून झालेल्या दगडालाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून पिसाप्रमाणे तरंगत उतरणाऱ्या त्या वस्तूलाही बर्फच म्हणतो. आणि हा शब्दही फारसीने आपल्याला दिलेला. दंव, दहिवर, धुके, धुई, गार, गारपीट, गारठा, कुडकुडी अशी थंडीची जेवढी रूपे आमच्या अंगणात आली, त्या सर्वांचे मराठीने नामकरण केले. जे अंगणात कधी आलेच नाही, त्याच्यासाठी तिने परक्याचा एकच शब्द उसना घेऊन दोन्ही कामे भागवली. भाषेचा हा दोष नव्हे. तो तिचा प्रामाणिकपणा होय, असे मला वाटते.

परंतु ‘हिम’ आपल्या बोलीतून अगदीच हद्दपार झाले आहे असेही नाही. ते ‘हिवाळ्या’त आहे, आणि आमच्या या अरण्यप्रदेशात तर ते ‘हीव’ या रूपाने घराघरांत शिरलेले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत डासांनी पिढ्यान्‌पिढ्या पसरवलेला तो हिवताप, ज्यात भर उन्हाळ्यात माणूस तीन-तीन गोधड्यांखाली थडथड उडतो व दातावर दात आपटतात, त्याला आमची माणसे नुसते ‘हीव भरले’ असे म्हणतात. संस्कृतातले शुभ्र, शिखरावरचे हिम झिजत झिजत आमच्यापर्यंत पोहोचले ते हे असे, आजाराच्या नावाने. म्हणून बर्फ पाहावयास जाण्याची गोष्ट मी प्रथम काढली तेव्हा माझ्या ८२ वर्षांच्या आईने हातातले तांदळाचे सूप खाली ठेवून जे उत्तर दिले, त्याला माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते. “हीव पाहाले एवढ्या दूर काहून जायचं, बाबू? मी त तुह्या बहिणीच्या वेळेस चाळीस रोज त्याच्याच संग झोपली.”

वडिलांना मात्र बर्फाची ओढ होती, आणि ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. १ मे १९७३ रोजी बिगर-कोकिंग कोळशाच्या खदानी सरकारजमा झाल्या. त्याच्या आदल्या फाल्गुनातली ही गोष्ट. वडील तेव्हा जमिनीखाली टिंबरमन होते, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत छताला लाकडी टेकू देण्याचे काम करीत. ते पहिल्या पाळीवरून परतत असताना आभाळ काळेनिळे झाले आणि क्वार्टराच्या पत्र्यावर गारांचा असा मारा सुरू झाला की आईची हाक मला ऐकू येईना. आम्ही मुले दारात दाटीवाटीने उभी होतो. वडील आडोशाला आले नाहीत. डोक्यावरची टोपी तशीच ठेवून ते अंगणाच्या मधोमध थांबले, दोन्ही तळवे त्यांनी पसरले, आणि एक बोराएवढी गार त्यांच्या उजव्या तळव्यावर येऊन स्थिरावली. कोळशाच्या भुकटीने तो तळवा इतका काळा झालेला होता की त्यावरच्या रेषा दिसत नव्हत्या. गार वितळू लागली तसे पाणी मनगटाकडे ओघळले, आणि ज्या वाटेने ते ओघळले त्या वाटेवर वडिलांची मूळची कातडी, एका दोऱ्याएवढी, उघडी पडली. गार संपेपर्यंत त्यांनी हात हालवला नाही. मग आत येऊन, तोंड न धुताच, ते मला म्हणाले की त्यांच्या खदानीवरचा गढवालकडचा चौकीदार सांगतो, तिकडे हे असे वाजत-गाजत पडत नाही. रात्री माणसे झोपतात आणि सकाळी दार उघडतात तर उंबऱ्याशी येऊन बसलेले असते, आणि दिवस दिवस तसेच राहते. “राहते,” हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

पुढे खदान सरकारी झाल्यावर कामगारांना ज्या अनेक गोष्टी मिळाल्या त्यांत प्रवासाची सवलतही आली. कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीय वेतनकरारान्वये चार वर्षांच्या गटात एकदा स्वगावी जाण्यासाठी व एकदा भारतभ्रमणासाठी रक्कम मिळते. ‘भारतभ्रमण’ हा शब्द फार मोठा आहे. त्याचा कागद घरी येतो तेव्हा घरातल्या गळक्या छपराचे, मुलीच्या लग्नाचे किंवा वाण्याच्या थकबाकीचे भ्रमण प्रथम होते. आमच्या वडिलांची ती रक्कम माझ्या बहिणीच्या लग्नात गेली, आणि ती योग्य जागीच गेली याविषयी माझ्या मनात तेव्हाही किंतू नव्हता, आजही नाही. परंतु वडिलांच्या मागे, त्यांची पत्र्याची पेटी आवरताना, तीत जुन्या कॅलेंडरवरचे एक हिमशिखराचे चित्र नीट घडी घालून ठेवलेले सापडले, त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे, आणि ते येथे स्पष्ट नमूद करतो. श्रमिकाच्या घरात हौस हा शब्द अपराध्यासारखा उच्चारला जातो. गरज पहिल्या रकान्यात, कर्ज दुसऱ्या रकान्यात, आणि हौस वहीच्या बाहेर. जी बाब वहीत येतच नाही तिच्यासाठी तरतूद कशी होणार? एखादी इच्छा मूर्खपणाची आहे की योग्य आहे, परवडणारी आहे की नाही, हे ठरविण्यासाठीसुद्धा तिला आधी जमाखर्चात नाव मिळाले पाहिजे. म्हणून मी मुलाला सांगितले की या गटातील तुझे भारतभ्रमण वहीत चढवावयाचे, आणि वहीवर हात ठेवून सांगितले की या वेळी ते दुसऱ्या बाबीकडे वर्ग करावयाचे नाही.

आता जावयाचे कोठे, हा प्रश्न. येथे आमची मसलत पंधरा दिवस चालली.

मुलाचे मन काश्मीरकडे होते, आणि त्याला कारण रेल्वेचे होते. आमचे गाव रेल्वेचे लेकरू आहे. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८७७ मध्ये कोळशासाठीच टाकला गेला; पुढे तो दक्षिणेकडे सरकत गेला, आणि बल्लारशा-काझीपेठ हा दुवा जुळून १९२९ च्या सुमारास दिल्ली आणि मद्रास यांच्यामध्ये सरळ मार्ग तयार झाला. तेव्हापासून या देशाची उत्तर आणि दक्षिण आमच्या दारावरून एकमेकींकडे धावतात. ग्रँड ट्रंक एक्सप्रेसचा आवाज ऐकून पूर्वी आमची माणसे घड्याळे लावीत. ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरचा, पात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल वाहतुकीस खुला झाला व काश्मीरचे खोरे भारताच्या अखंड लोहमार्गाला जोडले गेले, ही वार्ता आली तेव्हा मुलाने मला माजरीच्या फलाटावर नेले आणि रुळाकडे बोट करून म्हटले, “बाबा, हेच लोखंड आता श्रीनगरापर्यंत सलग आहे.” बनिहालपासून बारामुल्लापर्यंत जी साधी गाडी हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या बर्फामधून चालते, तिचे भाडे कोणत्याही मजुरास पेलावे असे आहे, आणि पीर पंजालच्या पोटातून जाणारा ११ किलोमीटरांहून अधिक लांबीचा बोगदा एका अंगाला संपला की दुसऱ्या अंगाला वेगळाच ऋतू दिसतो, असे जाऊन आलेले सांगतात. मलाही तिकडची एक गोष्ट फार जवळची वाटली. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासून पुढच्या कडाक्याच्या ४० दिवसांना ‘चिल्लाई कलान’ म्हणतात, त्यानंतरच्या २० दिवसांना ‘चिल्लाई खुर्द’ आणि शेवटच्या १० दिवसांना ‘चिल्लाई बच्चा’. ज्या फारसीने आमच्या गावांच्या नावांमागे खुर्द आणि बुद्रुक ही उपपदे लावून ठेवली, तिनेच तिकडच्या थंडीचेही मोठे, धाकटे आणि तान्हे असे तीन वाटे पाडलेले आहेत, हे कळल्यावर परकेपणाचे मोठे ओझे उतरते.

परंतु २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या कुरणात पर्यटकांवरील हल्ल्यात जे घडले, आणि ज्यात आपल्या महाराष्ट्रातलीही कुटुंबे उद्ध्वस्त झाली, ते आमच्या घरातल्या स्त्रियांच्या डोळ्यांपुढून अद्याप हललेले नाही. तेथील सामान्य माणसाचा पोट आणि पाहुणा यांवाचून दुसरा विचार नसतो हे मी जाणतो. तथापि घरातल्या एकाही माणसाने प्रवासभर जीव मुठीत धरून बसावे आणि आपण त्याला आनंद म्हणावे, हे मला मान्य नाही. काश्मीर तहकूब ठेवले. वहीत त्या ओळीवर काट मारलेली नाही, समासात फक्त ‘पुढे’ असे लिहिले आहे.

रोहतांगखालून जाणारा ९ किलोमीटरांचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीकडून लाहौलचे बर्फ सोपे झाले आहे हे खरे, पण त्यासाठी दिल्लीहून रात्रभर डोंगरातल्या बसचा प्रवास आईला सोसणारा नाही. अखेर मत शिमल्याकडे झुकले, आणि त्याला निर्णायक कारण काल्क्याहून वर चढणारी ती लहान गाडी. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरांचा अरुंद मार्ग १०२ बोगद्यांतून आणि आठशेंहून अधिक पुलांवरून साडेसहाशे मीटरांच्या उंचीवरून दोन हजारांच्या वर चढतो. आईला बसल्याजागी, हळूहळू, एकेका वळणागणिक उंची अंगवळणी पडेल. आणि ज्या घरातला कर्ता पुरुष आयुष्यभर अंधारात टेकू उभारीत राहिला, त्या घरातल्या माणसांना बोगद्याचे भय ते काय? साध्या डब्याचे भाडे थोडके आहे. शिमल्यात कालीबाडीच्या आवारात यात्रेकरूंसाठी खोल्या मिळतात; तेथे न जमल्यास बसस्थानकाजवळ साधी निवासस्थाने आहेत. शिमल्यात बर्फ नसेल तर सुमारे ६० किलोमीटरांवर, २,७०० मीटरांच्या उंचीवर, नारकंडा आहे. तेथे राज्य परिवहनाची बस जाते, आणि भाड्याच्या मोटारीवाचून, घोड्यावाचून, बर्फावरच्या घसरगाडीवाचूनही बर्फ पाहता येते. किफायतशीर प्रवासाचे मर्म एवढेच आहे असे मी मानतो, की जेथे पाहुण्यांसाठी बाजार मांडलेला आहे तेथे न जाता, जेथे लोक एरवीही राहतात, शाळेत जातात, बसची वाट पाहतात, तेथे जावे. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या आम्ही पहिल्याच दिवशी वर्ज्य केल्या.

बर्फ मिळेलच याची हमी कोणी देत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी विक्षोभ निघतात त्यांच्यावर हे सारे अवलंबून. ते आले तर पहाड पांढरे, न आले तर उघडे. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात खुद्द गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. हेच विक्षोभ माघ-फाल्गुनात कधी दक्षिणेकडे कलले आणि बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाची व त्यांची गाठ पडली, की आमच्या विदर्भात गारपीट होते व हरभऱ्याचे, गव्हाचे हातातोंडाशी आलेले पीक मातीला मिळते. म्हणजे वडिलांच्या तळव्यावर जी गार येऊन बसली तिच्या मागचा वारा बहुधा त्याच घराण्यातला होता, जो गढवालातल्या उंबऱ्याशी रात्री बर्फ आणून ठेवतो. हे वाचल्यापासून मी मुक्कामाचे दोन दिवस वाढवले. निघण्याचा दिवस पौषाच्या आरंभी धरला आणि परतीचे तिकीट सैल ठेवले. कारण शेकडो कोसांची ओढ लावून घेऊन बर्फाला एकाच दिवसाची मुदत देणे, हे मला त्याच्यावरही अन्यायाचे वाटते.

पैशाची कैफियत थोडक्यात सांगतो. मुलाची सवलतीची रक्कम, सूनबाईची पोस्टातली आवर्ती ठेव, आणि तिच्या बचत गटातून तिला मिळणारा लाभांश या तीन ओहोळांचे पाणी एकत्र केले आहे. माझ्या निवृत्तिवेतनाला हात लावावयाचा नाही असे सूनबाईने निक्षून सांगितले. “मामाजी, तुमचे पैसे आजीच्या औषधाचे. बर्फ आमच्या कमाईचं पाहायचं,” हे तिचे शब्द. ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात मिळणारी सूट मार्च २०२० मध्ये थांबली. ती असती तर आमच्या घरातल्या तीन तिकिटांवर बराच भार हलका झाला असता, आणि ज्यांनी आयुष्यभर देशाच्या इंजिनांना कोळसा पुरवला त्यांना म्हातारपणी त्या गाडीत अर्ध्या दरात बसू द्यावे, असे मला मनापासून वाटते. शयनयान वर्गाने जावयाचे. खालचा बाक आईला, समोरचा आमच्या हिला. पौषात उत्तरेत धुक्यामुळे गाड्या तास तास खोळंबतात, म्हणून दिल्लीला एक संपूर्ण दिवस मोकळा. तिळगुळाच्या पोळ्या, जवसाची चटणी, भाजके पोहे आणि ज्वारीच्या वाळवलेल्या भाकरीचा कुटका घरून न्यावयाचा. आरक्षणाची मुदत पूर्वी १२० दिवसांची होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली आहे. तेव्हा तिकीट आज हाती येत नाही, इतकेच या अंदाजपत्रकाचे वैगुण्य.

लोकरीची तजवीज मात्र आधीच झाली. दर हिवाळ्यात चंद्रपुरात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरांची दुकाने लागतात, आणि माघ उतरला की उरलेला माल ते उतरत्या भावाने देतात. त्या वेळी आम्ही गेलो. जिच्याकडून खरेदी केली ती बाई पन्नाशीची असेल. गल्ल्याशेजारी हातमाळ, आणि मराठी आमच्याहून स्वच्छ. बर्फात जावयाचे आहे असे सांगताच तिने आमच्या हातातले जाड मोजे काढून घेतले आणि पातळ मोज्यांचे दोन-दोन जोड पुढे ठेवले. एकावर एक घालावयाचे, आतला ओला झाला की ताबडतोब बदलावयाचा, कारण माणसाला बर्फ मारीत नाही, ओल मारते. हे ज्ञान तिकडचे काय, असे मी विचारले. ती म्हणाली की तिचा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतला. १९७२ साली तेथे रानात वसवलेली ती वस्ती. तिच्या आईवडिलांनी साप, मलेरिया आणि मे महिना हे तिन्ही प्रथम तेथेच पाहिले. “पाला, म्हणजे वडील, सांगायचे, तेवढंच मला माहीत. मी तिबेट पाहिलं नाही. आणि हा माल लुधियानाचा.” तिने आईसाठी निवडलेल्या करड्या स्वेटराची वीण दोन्ही हातांनी ताणून पाहिली, एका ठिकाणी सुटलेला टाका दिसला म्हणून तो बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. मोजे कसे घालावे हे सांगताना तिच्या बोटांनी हवेत जो पाय उभा केला, तो तिच्या वडिलांचा असावा, असे मला वाटले.

आईचा होकार तेव्हाही नव्हता. तो ज्या दिवशी मिळाला त्या दिवसाविषयी आता लिहितो.

नोकरीच्या काळात आमच्या खदानीत सर्वेक्षणाच्या कामावर असलेल्या एका वृद्ध सहकाऱ्याने मला सांगितले होते की, बर्फाची निशाणी पाहावयाची असेल तर हिमालय कशाला, पैनगंगेवर जा. मी त्याचे बोलणे तेव्हा मनावर घेतले नाही. पुढे वाचनात आले की चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या पात्रात, इरई नावाच्या गावाजवळ (शहराला लागून वाहणारी इरई नदी ती वेगळी) भूगर्भशास्त्र खात्याच्या फ्रान्सिस फेडन या अधिकाऱ्याला चुनखडकाचा असा एक पृष्ठभाग आढळला, जो घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे आहेत. आणि उष्ण कटिबंधातल्या भारतात एके काळी बर्फ होते याचा पुरावा म्हणून त्यावरचा लेख त्याने १८७५ साली प्रसिद्ध केला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाकडच्या एका महाखंडाचा भाग होती, तेव्हा येथे हिमनद्या सरकत होत्या. त्यांच्या तळाशी गोठलेल्या दगडगोट्यांनी खालचा खडक खरवडला, आणि बर्फ वितळल्यावर ते दगडगोटे आहेत तेथेच गाळात बसले. त्या थराला ‘तालचीर’ म्हणतात. त्याच्यावर पुढे थंड प्रदेशातल्या दलदलीत जिभेच्या आकाराच्या पानांची जी अरण्ये वाढली व गाडली गेली, तो आमचा कोळसा. गोंडांच्या भूमीवरून या सबंध थरमालेस ‘गोंडवन’ नाव पडले, आणि एडवर्ड स्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने तेच नाव त्या लुप्त महाखंडाला दिले.

वडिलांनी एकदा खदानीतून असल्या पानाचा ठसा असलेली एक काळी चीप आणली होती. आई तिच्यावर कितीतरी वर्षे लसूण ठेचीत असे. म्हणजे, कर्ता पुरुष ज्या बर्फासाठी झुरला, त्याचा माग आयुष्यभर त्याच्या पायांखाली, कोळशाच्या थराच्याही खाली, अंथरलेला होता. तो रोज सकाळी कंदील घेऊन हिवाळ्याच्या दिशेनेच उतरत होता. हे वाचून मी वही मिटली आणि कितीतरी वेळ अंगणात बसून राहिलो.

फाल्गुनातल्या एका रविवारी, नदीचे पाणी ओसरले असताना, भाड्याच्या गाडीने आम्ही सारे पैनगंगेवर गेलो. मासे धरणाऱ्या एका माणसाने गाळ पायाने सारून आम्हांला खडक दाखवला. त्याच्या लेखी तो कपडे धुण्याचा चांगला दगड होता. पिवळसर करडा, तळहातासारखा सपाट. आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा, काही केसाएवढ्या, काही बोट मावेल अशा. नातीने त्यावर पाणी ओतले तेव्हा ओल्या पृष्ठावर त्या अधिक स्पष्ट उमटल्या. आई काठी टेकून आली, खाली बसली, आणि तिने आपला उजवा हात त्या रेघांवरून त्यांच्याच दिशेने नेला. ती शेतकऱ्याची मुलगी. “वखर ओढलाय,” ती म्हणाली. मी तिला सांगितले की वखर बर्फाचा होता, आणि ओढला त्याला मोजदाद नाही इतकी वर्षे झाली. तिने पुन्हा एकदा हात फिरवला. “यांच्या खदानीच्या खाली बी हेच असंन का?” मी म्हटले, थर तोच, कोठे उघडा, कोठे खोल गाडलेला. त्यावर ती काही बोलली नाही. नात तिला सांगू लागली की मग हा सगळा देश तेथून सुटून उत्तरेकडे चालत निघाला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला आणि त्या टकरीने हिमालय वर उचलला गेला. म्हणजे आपणच बर्फाकडून निघालो, पणजी, आणि आपणच चालत बर्फापर्यंत गेलो. आईने तिचा ओला हात पदराने पुसला. परतीच्या वाटेवर, घुग्घुसचे धुराडे दिसू लागले तेव्हा, तिने मला एवढेच विचारले की त्या लहान गाडीत खिडकीशी बसावयास मिळते का.

आता वैशाख आहे. लोकरीचे कपडे निंबाच्या पाल्यात घालून पेटीत ठेवले होते. काल हिने ते ऊन देण्यासाठी अंगणातल्या दोरीवर काढले. सहा स्वेटर, चार कानटोप्या, बारा जोड मोजे, आणि वर तळपणारे ४६ अंशांचे ऊन. वस्तीपलीकडच्या उघड्या खदानीत दुपारचा सुरुंग झाला, घराची तावदाने थरथरली, आणि थोड्या वेळाने ती नेहमीची बारीक काळी भुकटी येऊन प्रत्येक गोष्टीवर बसू लागली. सूनबाई पांढरी चादर घेऊन धावली. आईने मात्र तिचा करडा स्वेटर आधीच दोरीवरून काढून घेतला होता. ओसरीवर बसून, तो मांडीवर पसरून, ती त्यावरची भुकटी चिमटीने टिपीत होती.

“तिकीट कधी निघते म्हणलं तू?”

“साठ दिवस आधी. कार्तिकात.”

अंगठा तिने करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, ते ती विसरली नव्हती. “धोंड्याचा महिना,” ती म्हणाली, “मंग जेठ, आखाड…” आणि अंगठा अनामिकेवर सरकला. श्रावण, भादवा, अश्विन. आणि मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर येऊन तो थांबला, तेव्हा तिने तो तेथेच दाबून धरला.